पगार सोडण्याआधी गिऱ्हाईक शोधा

शेतकरी मंडळी, पोरगं इंजिनिअर झालं, पुण्याच्या कंपनीत लागलं, महिन्याच्या महिन्याला पगार यायला लागला की घरादाराला वाटतं, गंगेत घोडं न्हालं. आणि मग एखाद्या सुट्टीत तेच पोरगं घरी येतं नि म्हणतं, "आबा, नोकरी सोडतोय. इथंच गावात धंदा काढतो." त्या रात्री घरात कुणाला धड झोप लागत नाही. आईला लग्नाची काळजी. आबांच्या डोळ्यांपुढे सातबारा, कारण कर्ज निघणार ते त्याच्यावरच.

असा प्रसंग आपल्या घरी आला तर काय करावे? रागावून उपयोग नाही. "कर बाबा तुझ्या मनासारखं" म्हणून मोकळे होण्यातही शहाणपण नाही. या वाटेने पूर्वी कोण गेले, कसे गेले, ते आधी पाहावे.

मास्तरकी सोडून नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आपल्याला पंपावरून ठाऊक आहे. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईस गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. त्या काळी ही मोठी कायमची नोकरी. पुढे बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, आणि लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला.

आता नीट ऐका. राजीनामा दिला तो हवेवर नव्हे. नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवत होते. दुकान भाऊ सांभाळत होता. सायकल शिकवायचे वेगळे पंधरा रुपये मिळत. म्हणजे पगार थांबला त्या दिवशी गल्ल्यात थोडेफार येणे चालू होते. धंद्याचे बी नोकरीतच रुजवून ठेवले होते.

पुढे त्यांनी कडबा कापायचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिला नांगर विकला जाईपर्यंत दोन वर्षे गेली, असे सांगतात. तुमच्या-आमच्या आज्या-पणज्यांनीच तो नाकारला, हेही लक्षात असू द्या. माल उत्तम आहे म्हणून गिऱ्हाईक धावत येत नाही.

त्यातच बेळगावात कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ आणि बिनव्याजी दहा हजार रुपये त्यांनी दिले. माळ कसला? निवडुंग नि सापांचे राज्य. तिथे १९१० साली कामगार, त्यांची बायकामुले यांच्यासह वस्ती उभी राहिली. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी.

नाशिकची दुसरी बाजू

हे जुने झाले म्हणाल, तर अलीकडचे घ्या. राजीव सामंत अमेरिकेत शिकले, कॅलिफोर्नियात ओरॅकल कंपनीत नोकरीला होते. १९९० च्या दशकात नोकरी सोडून नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आले. आंबा करून पाहिला, खायची द्राक्षे करून पाहिली. मग वाइनची द्राक्षे लावली आणि २००० साली सुला वाइन बाजारात आली. पहिली कल्पनाच चालली असे इथेही झाले नाही.

पण या गोष्टीला शेपूट आहे. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि एकाचे बघून दुसऱ्याने वायनऱ्या काढल्या. २००८ नंतर मंदी आली. लहान वायनऱ्या अडचणीत आल्या, माल उचलायला कुणी राहिले नाही आणि कित्येक शेतकऱ्यांना वाइनच्या द्राक्षांच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. वाइन कशी करायची ते शिकता आले, पण ती कुणाला विकायची हे आधी पाहिले गेले नाही. शेजाऱ्याचं बघून आपण कांदा लावतो, तशातलाच हा प्रकार.

घरात बसून हे विचारा

पोराला किंवा पोरीला समोर बसवा आणि शांतपणे पाच गोष्टी विचारा.

एक, गिऱ्हाईक कोण? "मार्केट मोठं आहे" हे उत्तर नव्हे. कुठला दुकानदार, कुठला व्यापारी, किती माल, काय भावाने घेणार, ते नावागावासह सांग म्हणावं.

दोन, नोकरी न सोडता किती जमतं? शनिवार-रविवार नि रजा धरून सहा महिने थोडा माल करून विकून बघ. घरचा कुणीतरी इथली बाजू सांभाळेल. लक्ष्मणरावांनी हेच केलं.

तीन, दोन वर्षे नफा आलाच नाही तर घर कशावर चालणार? किराणा, औषधपाणी, शहरातल्या फ्लॅटचा हप्ता, सगळं कागदावर मांडा. तेवढी पुंजी बाजूला नसेल तर थोडं थांबा.

चार, कच्चा माल बारा महिने आहे का? टोमॅटोचा हंगाम संपला की यंत्र बसून राहतं, बँकेचा हप्ता मात्र बसून राहत नाही.

पाच, तोटा कुठवर सोसायचा? किती जमीन तारण द्यायची, हे धंद्याच्या आधी ठरवा. सातबारा सामाईक असेल तर भावाभावांची संमती लेखी घ्या. राहतं घर आणि सगळी जमीन एकाच कर्जात अडकवू नका.

अनुदानाचंही तसंच. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असे अनुदान ठेवले गेले. पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले, आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागणारे. सध्या कोणती योजना चालू आहे, अटी काय आहेत, हे तालुका कृषी कार्यालयात नि जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा. एजंटाच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. आणि निव्वळ अनुदान मिळतंय म्हणून यंत्र आणून ठेवू नका. गंज चढलेली अशी यंत्रे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी मंडळींनो, यात तुमचाही वाटा आहे. औंधच्या राजाने जागा नि पैसा दिला, तेवढे तुमच्या हातात नसेल. पण परतून आलेल्या पोराला ना हरकत दाखल्यासाठी चार खेपा घालायला लावू नका. कुठली जमीन उद्योगासाठी वापरता येईल, बिनशेतीचे काय करावे लागेल, हे आधीच समजावून सांगा. शेतीपंपाच्या जोडणीवर कारखाना चालत नाही, औद्योगिक वीजजोडणी वेगळी घ्यावी लागते, हे शेड बांधून झाल्यावर कळले तर काय उपयोग? खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न परवान्याचेही तेच. ही सगळी माहिती एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला पैसा लागत नाही.

आणि आपण गावकऱ्यांनी काय करायचं? आपल्याच गावातल्या पोराने हळद पावडर केली, तेल घाणा टाकला, तर पहिला किलो आपण रोख पैसे देऊन घ्यायचा. उधारी ठेवायची नाही. माल वाईट असेल तर तोंडावर सांगायचं, चांगला असेल तर पाहुण्यारावळ्यांत सांगायचं. नव्या धंद्याचा जीव पहिल्या दोन वर्षांत फार लहान असतो, आणि गावच्या उधारीनेच तो बऱ्याचदा जातो.