पिकअपचं नाक वर घ्यायचंय? आधी हे वाचा

वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर एखादी हायलक्स किंवा व्ही-क्रॉस बाजूने बघा. मागचा भाग उंच, पुढचं नाक खाली. हा दोष नाही. हौद्यात माल पडला की मागचे कमानपाटे दबतात आणि गाडी सपाट येते.

बऱ्याच जणांना मात्र रिकामी गाडीही सपाट दिसायला हवी असते. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

स्पेसर: पुढच्या स्प्रिंगच्या वर बसणारी जाड चकती. स्वस्त पडते. पण स्प्रिंग जुनीच राहते आणि चाकाला खाली जायला जागा कमी उरते. खड्ड्यात दणका बसतो, बॉल जॉइंटवर ताण येतो. फोर बाय फोर असेल तर पुढच्या एक्सलच्या जॉइंटवरही.

नवी स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर: महाग, पण वाढीव उंचीसाठीच बनवलेले. पुढे विंच बसवली असेल तर तिचं वजन धरूनच स्प्रिंग निवडावी लागते.

दोन्हीनंतर व्हील अलाइनमेंट करा आणि हेडलाइट खाली घ्या. नाहीतर माल भरल्यावर नाक वर जाईल आणि प्रकाश थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

कायदा काय म्हणतो?

आरटीओ अंधेरीचं असो वा बोरिवलीचं, नियम एकच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्यामुळे गॅरेजवाल्याला विचारण्याआधी आरटीओत विचारा. आणि गाडी रोज माल वाहणार असेल, तर नाक खालीच राहू द्या.