रिटर्न भरणाऱ्याचा नंबर आधी विचारा

1957 च्या कायद्याने कापडावर विक्रीकराऐवजी जादा अबकारी कर गिरणीतच घेतला जाऊ लागला. त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या कापड दुकानदाराला विक्रीकराच्या कचेरीची पायरी सहसा चढावी लागत नसे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, कापडावर 5 टक्के बसले आणि सिटीलँड-बिझीलँडच्या घाऊक पेढ्यांसकट सगळेच रिटर्न भरून देणारा माणूस शोधू लागले.

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले आणि पोर्टल इंग्रजीत. ओळखीच्या एकाला काम दिले. त्याने नोंदणीत मोबाईल नंबर स्वतःचाच टाकला. कराची रक्कम आम्ही त्याच्या हाती रोख देत गेलो. नोटीस आली तेव्हा कळले की तीन महिन्यांचा भरणाच झालेला नाही. रक्कम व्याजासकट पुन्हा आम्हीच भरली. कायद्याचे कलम 48 स्पष्ट आहे : रिटर्न कोणीही भरो, त्यातील माहितीची जबाबदारी व्यापाऱ्याचीच.

या कामासाठी सरकारमान्य 'जीएसटी प्रॅक्टिशनर' असतो. तो पीसीटी-01 फॉर्म पोर्टलवर भरतो. अधिकारी छाननी करून पीसीटी-02 हे प्रमाणपत्र देतात, त्यावर नोंदणी नंबर असतो. पोर्टलवर 'लोकेट जीएसटी प्रॅक्टिशनर' येथे नाव किंवा नंबर टाकून खात्री करता येते. मग आपल्या लॉगिनमधून त्याची नेमणूक करावी, पटले नाही तर तेथूनच काढूनही टाकता येते. पासवर्ड देण्याची गरजच नाही. मोबाईल आणि ईमेल मात्र आपलाच हवा. दुसऱ्याचा असेल तर ओळखीचे कागद घेऊन आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जावे, ते बदलून देतात. चलनाचा भरणा आपल्या बँक खात्यातून करावा.

आता आपल्या मुलामुलींविषयी. बी.कॉम., कायदा, बँकिंग किंवा बिझनेस मॅनेजमेंटची पदवी असेल तर हा नंबर मिळू शकतो. अर्जाला सरकारी फी नाही. पॅन, पदवीचे प्रमाणपत्र, फोटो आणि व्यवसायाच्या पत्त्याचा पुरावा लागतो. पॅनवरील नाव आणि पदवीवरील नाव जुळते का ते आधी पाहावे. आपल्याकडे शेख, खान, बेगम कुठे पुढे तर कुठे मागे लागते.

दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, असे सांगून पैसे घेणारे एजंट आहेत. तसे काही नाही. नोंदणी रद्द होईपर्यंत चालते आणि एका राज्यातली देशभर मानली जाते. परीक्षेची अट मात्र आहे. 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे नोंदणीपासून दोन वर्षांत 'नासिन' या केंद्रीय संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते : 100 प्रश्न, 200 गुण, अडीच तास, उत्तीर्ण होण्यास 100 गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर इंग्रजी व हिंदीत असतो, मराठीत नाही, ही आमची तक्रार आहेच. परीक्षेच्या सूचनेवर लक्ष ठेवावे. कामात गैरवर्तन आढळल्यास पीसीटी-03 ची नोटीस येते, म्हणणे ऐकून घेऊन अपात्रही ठरवतात.

आमच्या दुकानाचे रिटर्न आता शेजारच्या मोहल्ल्यातील एक बी.कॉम. झालेली मुलगी घरूनच भरते. पहिल्या दिवशी तिने पासवर्ड मागितला नाही, प्रमाणपत्राची झेरॉक्स आमच्या हाती दिली.