चोवीस सेकंदांचा नियम आणि १९५५ ची बाद फेरी



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपल्या शाळेने सुरू केली, त्यांच्या आस्थेच्या विषयांत मैदानाला मानाचे स्थान होते. या मालेत साहित्य, इतिहास, विज्ञान अशा विषयांवर विद्वानांनी विचार मांडले आहेत. मी शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातला माणूस. म्हणून संयोजकांच्या अनुमतीने खेळाचाच एक विषय निवडला आहे. इंदूरकरांना बास्केटबॉल नवा नाही. परंतु या खेळातला एक नियम का जन्मला आणि पहिल्याच वर्षी त्याची कसोटी कशी लागली, ही हकिकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या १९५५ सालच्या बाद फेरीची हकिकत आहे.

खेळ आणि त्यातील पळवाट

बास्केटबॉल हा कोणाच्या नकळत उत्क्रांत झालेला खेळ नाही; तो एका शिक्षकाने योजून निर्माण केला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. हिवाळ्यात बंदिस्त जागेत मुलांना खेळता यावे आणि धसमुसळेपणा टळावा, एवढाच हेतू होता. त्या तेरा नियमांत एका प्रश्नाचे उत्तर नव्हते. ज्या संघाच्या हाती चेंडू आहे, त्याने तो टोपलीकडे फेकलाच नाही तर काय करायचे?

हौशी खेळात हा प्रश्न फारसा छळत नाही. पण खेळ व्यवसाय झाला, जय-पराजयावर संघमालकाचे उत्पन्न आणि खेळाडूचा पगार अवलंबून राहू लागला, की नियमांतील प्रत्येक फट शोधली जाते. चार-सहा गुणांनी पुढे असलेल्या संघाने चेंडू आपसांत फिरवत राहावे आणि घड्याळाचे काटे पुढे सरकू द्यावेत, ही युक्ती प्रशिक्षकांच्या लवकरच ध्यानात आली. तिच्यात बेकायदेशीर असे काहीच नव्हते. मागे पडलेल्या संघापुढे मग एकच उपाय उरे. तो म्हणजे चेंडू धरणाऱ्याला मुद्दाम फाउल करणे. फाउल झाला की प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो मिळे, तो एक गुण घेई, आणि त्यानंतर चेंडू आपल्या ताब्यात येई. मग दुसरा संघही तेच करी. सामन्याचा उत्तरार्ध म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत केलेली लांबलचक मिरवणूक ठरू लागली.

या अवस्थेची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. २२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनियापोलिस लेकर्सच्या मैदानावर फोर्ट वेन पिस्टन्स हा संघ आला. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा त्या काळातला सर्वांत प्रभावी उंच खेळाडू होता. त्याच्या हाती चेंडू जाऊच द्यायचा नाही, असे फोर्ट वेनने ठरवले आणि चेंडू धरून ठेवला. प्रेक्षक ओरडत राहिले. खेळाडू चेंडू काखेत घेऊन उभे राहिले. अखेरच्या काही सेकंदांत लॅरी फाउस्टने चेंडू टोपलीत टाकला आणि फोर्ट वेनने सामना १९-१८ असा जिंकला. अठ्ठेचाळीस मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून मैदानातून टाकलेल्या टोपल्या केवळ आठ! लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे होते.

दुसरे उदाहरण २१ मार्च १९५३ चे, तेही बाद फेरीतले. बॉस्टन सेल्टिक्स आणि सिराक्यूज नॅशनल्स यांचा सामना चार वेळा जादा वेळेत गेला. बॉस्टनने तो १११-१०५ असा जिंकला. बॉब कूझीने ५० गुण मिळवले, पण त्यांतले ३० फ्री थ्रोचे होते. पंचांनी त्या रात्री एकूण १०६ फाउल दिले. पहिल्या सामन्यात खेळ थिजला होता, दुसऱ्यात तो शिट्ट्यांनी तुकडे तुकडे झाला; रोगाचे मूळ मात्र एकच होते.

भागाकाराचे गणित

एनबीए ही संघटना त्या वेळी बाल्यावस्थेत होती. १९४६ साली स्थापन झालेल्या एका संघटनेचा १९४९ मध्ये दुसरीशी संयोग होऊन तिला हे नाव मिळाले होते. तिचे कित्येक संघ लहान शहरांतले होते आणि एकेक करून बंद पडत होते. प्रेक्षक कंटाळून निघून गेले तर संघटना टिकणार नाही, हे मालकांना कळत होते.

त्यावर उपाय सुचवण्यात पुढाकार घेतला तो सिराक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी. इटलीत जन्मून बालपणीच अमेरिकेत आलेले हे गृहस्थ सिराक्यूज शहरात बोलिंगचा व्यवसाय करीत. संघाचे कारभारी लिओ फेरिस यांच्यासह त्यांनी मांडलेला हिशेब आपल्या शाळेतील पाचवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. जो सामना पाहताना मन रमते, त्यात प्रत्येक संघ साधारण साठ वेळा टोपलीकडे चेंडू फेकतो, म्हणजे दोन्ही मिळून एकशेवीस वेळा. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. २,८८० ला १२० ने भागले की २४ उरतात. म्हणून चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत तो फेकलाच पाहिजे. न फेकल्यास तो प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागेल.

या हिशेबातील एक बारकावा मला मोलाचा वाटतो. खेळ चांगला चालला असताना तो कोणत्या लयीने चालतो, हे आधी पाहिले गेले आणि तीच लय नियमात बांधली गेली. कोणी तज्ज्ञाने आदर्श आकडा वरून लादला नव्हता. ऑगस्ट १९५४ मध्ये सिराक्यूजमधील ब्लॉजेट व्होकेशनल हायस्कूलच्या व्यायामशाळेत खेळाडूंना खेळवून मालकांसमोर या नियमाचे प्रात्यक्षिक झाले. जगभरच्या बास्केटबॉलचे रूप पालटणारी ही परीक्षा एका शाळेच्या मैदानावर पार पडली, हे आपण शाळेच्या माणसांनी लक्षात ठेवावे.

या नियमाला दुसऱ्या एका नियमाची जोड होती, जिचा उल्लेख सहसा राहून जातो. एका संघाने एका पावभागात सहांपेक्षा अधिक फाउल केले, तर प्रतिस्पर्ध्याला जादा फ्री थ्रो मिळेल, असे त्याच वर्षी ठरले. केवळ घड्याळ लावले असते तर बचाव करणाऱ्यांनी फाउल करून खेळ तोडणे चालूच ठेवले असते. आक्रमकाची पळवाट बुजवताना बचाव करणाऱ्याचीही बुजवावी लागते. दोन्ही नियम एकत्र आले, म्हणूनच ते लागू पडले.

३० ऑक्टोबर १९५४ रोजी रॉचेस्टर विरुद्ध बॉस्टन हा नव्या घड्याळाचा पहिला अधिकृत सामना झाला; रॉचेस्टरने तो ९८-९५ असा जिंकला. आदल्या हंगामात संघाची सामन्यागणिक सरासरी ७९.५ गुण होती. या हंगामात ती ९३.१ वर गेली.

१९५५ ची बाद फेरी

हंगाम सुरू असतानाच बाल्टिमोरचा संघ बंद पडला आणि आठ संघ उरले. त्यांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट होते. पूर्वेत सिराक्यूज आणि पश्चिमेत फोर्ट वेन पहिले आले. दोघांनीही ७२ पैकी ४३ साखळी सामने जिंकले होते. प्रत्येक गटातले पहिले तीन संघ बाद फेरीत आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांच्या लढतींतून बॉस्टन आणि मिनियापोलिस पुढे सरकले. मग सिराक्यूजने बॉस्टनला ३-१ आणि फोर्ट वेनने मिनियापोलिसला ३-१ असे हरवले. सलग तीन वर्षे विजेता ठरलेला मिनियापोलिसचा संघ मायकनच्या निवृत्तीनंतर पूर्वीसारखा उरला नव्हता.

अशा रीतीने ज्या मालकाने नियम आणला त्याचा संघ आणि १९-१८ चा तो सामना जिंकणारा संघ अंतिम फेरीत समोरासमोर उभे राहिले. सिराक्यूजकडे डॉल्फ शेज हा आघाडीचा खेळाडू होता आणि प्रशिक्षक होते अल सर्व्ही. हा संघ १९५० आणि १९५४ मध्ये अंतिम फेरीत मिनियापोलिसकडून हरून परतला होता. फोर्ट वेनचे मालक फ्रेड झोल्नर यांचा पिस्टन बनवण्याचा कारखाना होता. संघाचे नाव त्यावरूनच पडले. त्यांचे प्रशिक्षक चार्ली एकमन हे पूर्वी पंच होते.

सातांपैकी चार सामने जिंकणारा विजेता, अशी पद्धत होती. पहिले दोन सामने सिराक्यूजने घरच्या मैदानावर ८६-८२ आणि ८७-८४ असे जिंकले. पुढले तीन सामने फोर्ट वेनच्या वाट्याचे. पण त्यांचे सभागृह बोलिंगच्या स्पर्धेसाठी आधीच दिलेले असल्याने ते इंडियानापोलिस शहरात खेळावे लागले. बोलिंगचा व्यावसायिक सिराक्यूजचा मालक आणि बोलिंगमुळेच प्रतिस्पर्धी घराबाहेर, असा हा योगायोग! तरीही फोर्ट वेनने ९६-८९, १०९-१०२ आणि ७४-७१ असे तिन्ही सामने जिंकून ३-२ अशी आघाडी घेतली. सहावा सामना सिराक्यूजने १०९-१०४ असा जिंकला. येथे ७४-७१ हा आकडाही ध्यानात घ्यावा. घड्याळामुळे धावसंख्येसारखा गुणांचा पाऊस पडतोच असे नाही. कडक बचावाला नव्या नियमातही पूर्ण जागा होती. बंद झाली होती ती केवळ निष्क्रियता.

सातवा सामना १० एप्रिल १९५५ रोजी सिराक्यूजच्या वॉर मेमोरियल सभागृहात झाला. फोर्ट वेनने झपाट्याने सुरुवात केली आणि दुसऱ्या पावभागात ४१-२४ अशी सतरा गुणांची आघाडी मिळवली. एक वर्ष आधी एवढी आघाडी हाती आलेल्या संघाने काय केले असते, याचा अंदाज आपण करू शकतो. त्या संघाने चेंडू धरलाच असता असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण धरायचा म्हटले तर त्याला अडवणारे काही नव्हते. आता मात्र दर चोवीस सेकंदांनी चेंडू फेकणे भाग होते. फेकलेला चेंडू कधी टोपलीत पडतो, कधी प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. सिराक्यूजने एकेक गुण भरून काढला. शेवटी ९१-९१ अशी बरोबरी असताना, बारा सेकंद उरले होते तेव्हा जॉर्ज किंगने फ्री थ्रोवर गुण मिळवला. चेंडू फोर्ट वेनकडे गेला. त्यांच्या अँडी फिलिपच्या हातून तो किंगनेच हिरावून घेतला. सिराक्यूज ९२-९१ ने विजेता ठरले. त्या संघातील अर्ल लॉइड आणि जिम टकर हे एनबीएच्या विजेत्या संघातले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. लॉइड हा एनबीएच्या सामन्यात उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडूही होता. त्याचे ते पदार्पण १९५० सालचे.

नियम कोणासाठी?

बियासोन यांनी आपल्या संघाच्या सोयीसाठी नियम आणला, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणे न्याय्य होणार नाही. सातव्या सामन्यात सतरा गुणांची आघाडी सिराक्यूजकडे असती, तर याच नियमाने त्यांचेही हात बांधले असते. सामन्यापूर्वी कोणत्या बाजूला उपयोगी पडेल हे ठाऊक नसताना जो नियम मान्य होतो, तोच नियम न्याय्य असतो.

आपल्या मातीतील हुतूतूने हा प्रश्न फार पूर्वी वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. चढाई करणाऱ्याला एका दमात परत यायचे असते. म्हणजे त्याचे घड्याळ त्याच्या छातीतच असते. तरीही पुढे कबड्डीत तीस सेकंदांची मर्यादा आली. आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढतो, हे दिसल्यावर प्रो-कबड्डी स्पर्धेत सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईत गुण घ्या, नाहीतर बाद व्हा, असा नियम झाला. देश आणि खेळ निराळे. पण दुखणे तेच आणि औषधही त्याच जातीचे.

आंतरशालेय स्पर्धांत वेळाधिकारी म्हणून टेबलाशी बसण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले. बहुतेक मैदानांवर चोवीस सेकंदांचा दिवा नसे. आघाडीवरच्या संघाचे शिक्षक बाहेरून "चेंडू ठेवा, घाई नको" असे ओरडत, आणि मागे पडलेल्या मुलांचे चेहरे मी समोरून पाहत असे. त्यांना हरण्याचे दुःख तितके नव्हते; आपल्याला खेळूच दिले जात नाही, याचे होते. हरण्यातून मुलगा काही शिकतो. ताटकळत उभे राहण्यातून त्याला शिकण्यासारखे काही मिळत नाही. म्हणून आपल्या शाळेच्या वार्षिक स्पर्धांत तरी टेबलावर एक वेगळे स्टॉपवॉच ठेवून हा नियम पाळावा, अशी माझी विनंती आहे. त्याला खर्च असा काहीच नाही.

पुढे हा नियम जगभर गेला. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९५६ मध्ये तीस सेकंदांची मर्यादा घातली आणि २००० साली ती चोवीसवर आणली. अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष संघांनी मात्र १९८५ पर्यंत वाट पाहिली. ते दोन संघ आज त्या शहरांत नाहीत: पिस्टन्स १९५७ मध्ये डेट्रॉइटला गेले, तर नॅशनल्स १९६३ मध्ये फिलाडेल्फियाला जाऊन नवे नाव धारण करते झाले. बियासोन १९९२ मध्ये निवर्तले; बास्केटबॉलच्या सन्मान-दालनात त्यांचा समावेश २००० साली, म्हणजे मृत्यूनंतर झाला. सिराक्यूज शहरात त्या घड्याळाचे एक स्मारक उभे आहे.

विद्यार्थी मित्रहो, त्या काळी चेंडू धरून ठेवणाऱ्या खेळाडूंना लबाड म्हणून हिणवणे सोपे होते. बियासोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे केले नाही. ते खेळाडू नियमानेच वागत होते. चूक नियमात होती, आणि ती दुरुस्त करण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यांची होती. उद्या आपल्यापैकी कोणी संस्था चालवतील, कोणी कचेरीत बसतील, कोणी शिक्षक होतील. आपल्या नियमांच्या आडून कोणी काम अडवून बसले आहे असे दिसले, तर त्याला बोल लावण्याआधी आपला नियम एकदा तपासून पाहावा, एवढेच मला सुचवायचे आहे.