गळका बंब झाळावा कीं मोडींत घालावा ?

दसरा सरून पहांटेचा गारठा जाणवूं लागला कीं ऊन पाण्याच्या बंबाची आठवण होते, आणि उन्हाळाभर कोपऱ्यांत पडलेला तो बंब भरतांच कोठून तरी ठिबकूं लागतो. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांची शेती दक्षिण सोलापूर, मोहोळ, मंगळवेढें या बाजूस असून मुलांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं जुळे सोलापुरांत घर केलेलें आहे. गांवचा तांब्याचा बंबही त्या घरीं आलेला असतो. तो गळूं लागला म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, तांब्याचें भांडें टाकूं नये. तरुण मंडळी म्हणतात, विजेचा गिझर आणावा. आमच्या मतें दोन्ही पक्ष बंबाकडे न पाहतांच बोलत असतात. गळती नेमकी कोठें आहे, यावर या वादाचा निकाल लागावयास पाहिजे.

बंबाची रचना साधी आहे. बाहेर तांब्याचें पिंप, त्याच्या मधोमध उभा नळा, नळ्याच्या तळाशीं लोखंडी जाळी आणि तिच्याखालीं राखेची जागा. विस्तव नळ्यांत असतो व पाणी नळ्याच्या सभोंवतीं. म्हणून नळ्याच्या पत्र्याला एका बाजूनें जाळ व दुसऱ्या बाजूनें पाणी अशी दुहेरी झीज सोसावी लागते. बाहेरच्या पिंपाला जाळ लागतच नाहीं. तांबें वितळण्यास सुमारें १०८५ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते, परंतु कथलाची डाक २३२ अंशांवर वितळते आणि कथील व शिसें यांची मिश्र डाक १८३ अंशांच्या सुमारासच नरम पडूं लागते. आंत पाणी आहे तोंवर सांधा शंभर अंशांच्या फार वर जात नाहीं. रिकाम्या बंबांत जाळ घातला तर मात्र डाक उतरण्यास वेळ लागत नाहीं. नव्या बंबाचा सांधा लवकर गळला तर पुष्कळदां हेंच कारण असतें, आणि बोल बिचाऱ्या तांबटाला लागतो.

गळती शोधण्यासाठीं बंब न पेटवितां भरावा, बाहेरून कोरडा पुसावा, सांध्यांवर खडूची पूड चोळावी आणि तासभर तसाच ठेवावा. तोटीपाशीं पूड भिजली तर आंतील चकती बदलून काम भागतें. पिंपाच्या उभ्या सांध्यावर अगर बुडाच्या कडेला ओल दिसली तर बंब निःशंकपणें झाळून घ्यावा. असा दुरुस्त केलेला बंब पुढें अनेक वर्षें चालतो. परंतु राखेंत पाणी ठिबकूं लागलें तर दोष नळ्याचा समजावा, आणि येथें थोडें थांबून पहावें. रात्रीं बंब रिकामा करून पाण्याच्या बाजूस लहान विजेरी सोडावी व नळ्यांतून पहावें. उजेडाचा एकच ठिपका दिसला आणि भोंवतालचा पत्रा बोटानें दाबतां लवला नाहीं, तर ठिगळ टिकेल. मात्र तें पितळी झाळेचें पाहिजे, कारण जाळाच्या तोंडीं कथलाची डाक टिकत नाहीं. ठिपके अनेक दिसले तर पत्रा सर्वत्र विरलेला आहे. एक भोंक बुजवावें तों दुसरें पडावें, असा खर्च करीत बसण्यांत अर्थ नाहीं. अशा वेळीं पिंप जाड व धड असेल तर नुसता नळा नवा घालतां येईल काय, हें जाणत्या तांबटाला विचारावें. पुण्याच्या तांबट आळींत हें काम जाणणारे कारागीर आजही आहेत.

कित्येकदां बंब गळत नाहीं, पण पाणी तापण्यास पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. हा बंब म्हातारा झाला असें समजून तो मोडींत घालणें ही शुद्ध नासाडी होय. जुळे सोलापुरांत नळाला येणारें पाणी भीमेचें; तें न पुरल्यास बोअरचें पाणी वापरतात. काळ्या पाषाणांतून मुरून आलेल्या या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलें कीं चुना पांढऱ्या खपलीच्या रूपानें नळ्यावर बसतो. ही खपली तांब्याच्या मानानें शंभरपटींहूनही कमी उष्णता वाहूं देते. मग जाळ धुराड्यावाटें निघून जातो आणि पाणी कोमटच राहतें. वीस लिटर कोमट पाण्यांत अर्धा किलो लिंबूसत्त्व विरघळवून बंबांत रात्रभर ठेवावें. फेंस येऊन खपली सुटते. सकाळीं दोन-तीन वेळां स्वच्छ धुवावें. फरशी धुण्याचें तेजाब मात्र वापरूं नये, तें सांधे खातें. छिन्नी लावण्याचें तर मनांतही आणूं नये.

नळा खरोखरच गेला असेल तर बदलीचा विचार करावा, आणि तो सरपणापासून सुरू करावा. पांच माणसांच्या स्नानास शंभर लिटर पाणी धरलें व तें वीस अंशांनीं तापवावयाचें असलें, तर दोन हजार किलोकॅलरी उष्णता लागते. वीज वापरली तर हें सुमारें २.३ युनिटांचें काम. कोरड्या लांकडाच्या एका किलोंत साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. त्यांतील चौथाई पाण्यास पोंचली असें धरलें तरी सव्वादोन किलो सरपण पुरे होतें. ज्याच्या बांधावर वेडी बाभूळ माजली आहे व तुरीच्या काढणीनंतर तुराट्यांचा ढीग पडतो, त्याला हें सरपण फुकट आहे. तेंच शहरांत विकत घ्यावें लागत असेल, तर आपल्या बिलांतील दरानें युनिटें गुणून पहावीं. गिझर कित्येकदां स्वस्त ठरेल.

गिझर घेतला तरी चुना पाठ सोडीत नाहीं. त्याची तापणारी कांडी किंवा थर्मोस्टॅट बिघडला तर दुरुस्ती करावी; परंतु आंतील टांकीच गळूं लागली तर ती झाळतां येत नाहीं, कारण पोलादावर दिलेला कांचेचा मुलामा सांधतांना तडकतो. या बाबतींत तांबें श्रेष्ठ. गच्चीवर सावली नसेल तर सौर बंब उत्तम, कारण सोलापुरास उन्हाची ददात नाहीं. मात्र बोअरच्या पाण्यास सपाट पेटीच्या बारीक तांबी नळ्यांपेक्षां कांचेच्या रुंद नळ्या बऱ्या, त्या साफ करतां येतात.

पैशापलीकडचीही एक गोष्ट आहे. गांवीं बंब परसांत पेटत असे. जुळे सोलापुरांतील न्हाणीघरें लहान व बंद असतात. बंद जागेंत लांकूड अगर गॅस जळला कीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक घट्ट जुळतो, आणि माणूस स्नान करतां करतां बेशुद्ध पडतो. म्हणून बंब धड असला तरी तो न्हाणीघरांत पेटवूं नये. उघडी गच्ची अगर परस नसेल तर बंबाचा हट्ट सोडावा; गॅसचा गिझर घेतल्यास तोही न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत बसवावा. गिरण्यांच्या बॉयलरवर १९२३ च्या कायद्यानें सरकारी तपासनीस होता, आणि त्या कायद्याची जागा २०२५ च्या कायद्यानें घेतली तरी तपासणी चालूच आहे. घरच्या बंबावर असा कोणी तपासनीस नाहीं. तेव्हां वाफेला वाट रहावी म्हणून झांकण कधींही घट्ट ठोकून बसवूं नये, हेंही घरधन्यानेंच पहावयाचें.

मोडींत घालण्याचें ठरलेंच तर बंब आधीं घरीं तोलावा. लोखंडी जाळी व पितळी तोटी काढून ठेवावी, खपली धुवावी, आणि निव्वळ तांब्याचें वजन लिहून मग दुकानीं जावें. बदल्यांत नवा बंब घेणार असाल तर त्याचेंही वजन करून पहावें. तितक्याच मापाच्या जुन्या बंबाहून तो बराच हलका भरला तर पत्रा पातळ आहे, आणि पातळ पत्रा प्रथम नळ्यांतच विरतो.