चौकोनी गाडी, वारा आणि पेट्रोल

संध्याकाळी सहाला इंदिरानगरच्या बोगद्याशी अडकलं की आजूबाजूच्या गाड्या निरखायला भरपूर वेळ मिळतो. गेल्या चार-पाच वर्षांत त्या रांगेत एक उंच, चौकोनी, जाड टायरची गाडी हमखास दिसू लागली आहे. थार. ती महिंद्रांच्या नाशिकच्याच कारखान्यात तयार होते, त्यामुळे इथल्या लोकांना तिचं जरा जास्तच कौतुक आहे. मलाही आहे. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने तिचं पेट्रोल मॉडेल घेतलं. पहिल्या महिन्याचा हिशेब लागल्यावर तो जिन्यात भेटला आणि म्हणाला, "काका, चारही चाकं इंजिनला जोडलेली आहेत म्हणून ही इतकं पितेय का?"

त्याच्यासारखंच बहुतेकांना वाटतं. चार चाकं ओढायची म्हणजे दुप्पट इंधन, असा सरळ हिशेब. त्याला मी म्हणालो, "थोडंसं त्यामुळे. बाकीचं कशामुळे ते वहीवर मांडून दाखवतो, ये घरी." तो खरंच आला. त्या संध्याकाळी मांडलेलं गणित इथे सविस्तर देतो.

एक लीटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. विजेच्या बिलाच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ नऊ युनिट. घरातला दीड टनाचा एसी त्यावर सहा तास चालेल. या नऊ युनिटांतली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून निघून जाते, थोडी इंजिनच्या आतल्या घर्षणात जिरते. चाकांपर्यंत पोचतात शहरात दोनच्या आसपास, हायवेला सव्वादोन ते अडीच. ॲव्हरेजचा सगळा खेळ या दोन-अडीच युनिटांचा.

आधी चार चाकांचं पाहू. वडाळा-पाथर्डी रोडवरच्या एका गॅरेजमध्ये जुनी जिप्सी कामाला आली होती, तिच्यावर हे फार छान समजलं. मारुतीची जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली, ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनवर. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक फिरवायची चकती असते, तिच्यावर 'फ्री' आणि 'लॉक' असे दोन शब्द. मेकॅनिकने पुढचं एक चाक जॅकवर उचललं, ट्रान्सफर केसचा दांडा टू-एचवर ठेवला, म्हणजे इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना. चकती 'फ्री'वर असताना चाक बोटाने ढकललं तरी गरगर फिरत राहिलं, आणि गाडीखाली डोकावलं तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट ढिम्म. मग चकती 'लॉक'वर केली. आता चाक फिरवायला तळहात लावावा लागला, आत घट्ट ग्रीस आणि ऑइल ढवळल्यासारखा जडपणा जाणवला, आणि खाली शाफ्टही फिरू लागला. इंजिनशी काही संबंध नसताना एक चाक ॲक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट असा सगळा लवाजमा फुकट फिरवत होतं.

फोर बाय फोर गाडी साध्या रस्त्यावर टू-एचमध्ये चालते तेव्हा चार चाकांपायी होणारा तोटा एवढाच. हाताने फिरवता येईल इतका, आणि जोडीला ट्रान्सफर केस व पुढच्या ॲक्सलचं कायमचं वजन. फोर-एच टाकून, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन, कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवलं तर मात्र गोष्ट वेगळी. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात, पण अशा गाड्यांत फोर-एच लागला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात. फरक भरून काढायला टायर रस्त्यावर घासतात, स्टिअरिंग जड होतं, सांधे ताणले जातात. चिखलात आणि वाळूत चाक घसरून हा ताण सुटतो. डांबरावर तो सुटत नाही. रुबाबासाठी फोर-एच लावून कॉलेज रोडला चक्कर मारणाऱ्याचं पेट्रोल आणि टायर दोन्ही जातात.

आता वजन. थारमध्ये दोन माणसं बसली की एकूण १,८०० किलोच्या आसपास जातं. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात या वजनामध्ये जी गतिज ऊर्जा साठते, ती तयार करायला शहरातल्या हिशेबाने जवळपास २५ मिलिलीटर पेट्रोल लागतं. खोकल्याच्या औषधाची अडीच टोपणं. रथचक्र चौकात कुणीतरी आडवं येतं, आपण करकचून ब्रेक मारतो, आणि ती अडीच टोपणं ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन विरून जातात. पेट्रोल लीटरला शंभरच्या पुढे गेलेलं असताना प्रत्येक ब्रेकमागे अडीच रुपये. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने १०० वरून थांबायचं तर ती चौपट असते. घोटीचा टोलनाका लांबून दिसतो. तेव्हाच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तर तीच साठलेली गती पुढचा रस्ता कापून देते. शेवटपर्यंत रेस देऊन मग ब्रेक लावला तर ती फुकट जाते. गाडी तीच, रस्ता तोच, तरी दोन चालकांच्या ॲव्हरेजमध्ये मोठा फरक पडतो तो इथे.

बोगद्यापाशी नुसतं उभं राहण्याचाही हिशेब आहे. दोन लीटरचं पेट्रोल इंजिन एसीसकट जागेवर चालू राहिलं तर तासाला साधारण एक लीटर जातं. दहा मिनिटांच्या कोंडीत दीडशे मिलिलीटरहून जास्त. मीटरवर किलोमीटर शून्य.

पण माझ्या मते या गाडीचा खरा शत्रू वारा आहे, आणि लोक त्याच्याकडे सगळ्यात कमी पाहतात. उभी काच, चौकोनी तोंड, बाहेर आलेले मडगार्ड, मागे टांगलेली स्टेपनी. सेडान गाडीचा वातरोध गुणांक ०.३च्या आसपास असतो, अशा चौकोनी गाड्यांचा साधारण ०.४५ ते ०.५. शिवाय वाऱ्याला अडणारं तोंडही मोठं, अडीच-पावणेतीन चौरस मीटरचं. हे आकडे धरून मी नाशिकच्या हवेसाठी गणित केलं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ, म्हणजे तेवढी सूट आपल्याला आधीच मिळालेली आहे.

ताशी ६० किलोमीटरला वाऱ्याचा रेटा येतो सुमारे २१ किलो. टायर रस्त्यावर चेपून पुन्हा फुलताना जो विरोध होतो, तोही या वजनाला साधारण २१-२२ किलो. म्हणजे साठला दोघं बरोबरीत. टायरचा विरोध वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. वारा मात्र ८०ला ३७ किलो होतो, आणि १००ला ५८. सिमेंटची भरलेली गोणी ५० किलोची असते. मुंबई-आग्रा हायवेवर शंभरने जाणारी थार एका गोणीहून जड रेटा सतत नाकाने ढकलत असते, त्यात टायरचे बावीस किलो वेगळे. त्याच वेगाला साध्या सेडानला वाऱ्याचा रेटा याच्या निम्म्याहूनही कमी लागतो.

टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर रिकामा जेरीकॅन आणि पुढे दिव्यांची पट्टी लावून वर्षभर इंदिरानगर ते अंबड असा नोकरीचा फेरा करणारी गाडी पाहिली की मला खरोखर वाईट वाटतं. कॅरिअर सहलीला लावावा आणि परत आल्यावर काढून ठेवावा, अर्ध्या तासाचं काम आहे.

चाणाक्ष वाचक इथे अडवतील. साठला एकूण विरोध ४३ किलो आणि शंभरला ८०, तर ॲव्हरेज निम्मं व्हायला हवं, तितकं काही होत नाही. बरोबर आहे, आणि त्याचं कारण पेट्रोल इंजिनच्या स्वभावात आहे. पेट्रोल इंजिनची ताकद कमी करायची तर त्याची हवा अडवावी लागते. ॲक्सिलरेटर थोडाच दाबला असताना हवेच्या वाटेतली झडप जवळजवळ मिटलेली असते आणि नाक दाबून श्वास घ्यायला लावल्यासारखं इंजिन हवा ओढत राहतं. त्या ओढाताणीत इंधन जातं. म्हणून हलक्या लोडवर पेट्रोल इंजिन सगळ्यात उधळं असतं, शंभरला लोड वाढला की ही उधळपट्टी कमी होते. डिझेलमध्ये ताकदीसाठी अशी हवा अडवावी लागत नाही, फक्त इंधन कमी-जास्त होतं. दाबाचं प्रमाणही मोठं, आणि लीटरमागे ऊर्जा दहा-बारा टक्के जास्त. डिझेल थार शहरात पेट्रोल थारला सहज मागे टाकते ती यामुळे. यातून पेट्रोलवाल्यांनी एक सवय घेण्यासारखी आहे: लवकर वरचा गिअर टाकावा आणि ॲक्सिलरेटर जरा मोकळा दाबावा, इंजिन घरघरणार नाही इतपत. खालच्या गिअरला हळुवार पायाने कुंथत नेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

पेट्रोल आणि जीप यांचं नातं तसं जुनंच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला २.२ लीटरचं, ६० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत जीप जोडायला घेतली ती याच घराण्यातली. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागत गेलं, जीप हळूहळू डिझेलकडे वळली, आणि आपल्या पिढीला जीप म्हटलं की आठवते ती डिझेलवर धडधडणारी, टपापर्यंत माणसं भरलेली वडापची गाडी. २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले, दोन्ही इंधनांतला भावाचा फरक आकसला. एप्रिल २०२० पासून बीएस-६चे कडक नियम आले, त्यात डिझेलचा धूर स्वच्छ करणं खर्चिक झालं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आलेल्या नव्या थारमध्ये १,९९७ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन मिळालं. जून २०२३ मध्ये आलेली मारुतीची जिम्नी तर फक्त पेट्रोलवर. तिचं वजन साधारण १,२०० किलो, कंपनीचा आकडा लीटरला १६.९४ किलोमीटर. वजन इतकं कमी असण्याचा फायदा चौकाचौकात दिसतो. वाऱ्यापुढे तिचंही तोंड चौकोनीच.

कसाऱ्याच्या घाटाबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे, तो इथे काढून टाकायलाच हवा. कसाऱ्याहून इगतपुरीला येताना आपण सुमारे ३०० मीटर चढतो. चार माणसांसकट भरलेल्या थारला नुसत्या या उंचीसाठी अर्ध्या लीटरहून थोडं जास्त पेट्रोल लागतं. उतरताना ते वसूल करायचं म्हणून कितीतरी लोक गाडी न्यूट्रलला टाकतात. कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडाफार अर्थ होता. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर लागलेला असताना पाय उचलला की संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकलं की इंजिनला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल प्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोल वाचत नाही, उलट जातं, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. एवढी जड गाडी आणि तापलेले ब्रेक घेऊन त्या वळणांवरून कुणी उतरू नये. ज्या गिअरला चढावं त्याच गिअरला उतरावं, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम आजही पक्का आहे.

ॲव्हरेज कमी भरण्यात पंपावर आता मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलचाही वाटा आहे. इथेनॉलमध्ये लीटरमागे साधारण २१ मेगाज्यूल, म्हणजे वीस टक्के मिसळलं की लीटरची ऊर्जा सहा-सात टक्के घटते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने त्यासाठी बेतलेलं इंजिन यातलं थोडं भरून काढतं. आणि डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत सकाळी मुलांना शाळेत सोडायला दीड किलोमीटर जायचं असेल तर इंजिन तापण्याआधीच फेरी संपते. थंड इंजिन जास्त पेट्रोल मागतं, घट्ट ऑइल जास्त अडवतं. अशा फेरीला चालत जाणं उत्तम.

मुलाने शेवटी विचारलं, "मग हिचं खरं ॲव्हरेज किती धरायचं?" कंपनीचा आकडा ठरलेल्या चाचणीतून येतो. गाडी रोलरवर चढवतात आणि वीसेक मिनिटांचा नेमलेला प्रवास करवतात. सर्वाधिक वेग ताशी ९०, तोही थोडाच वेळ. सरासरी ३२च्या जवळपास. तिथे ना समोरून वारा, ना चालू एसी, ना बोगदा. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला, आपल्या खर्चासाठी आपणच मोजावं. टाकी फुल, त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होईल तिथेच थांबायचं, वरून हलवून भरायचं नाही. मीटर लिहायचं आणि असं चार-पाच टाक्या करायचं. टायर बदलले असतील तर मीटरही खोटं बोलतं. थारच्या कंपनीने दिलेल्या १८ इंची टायरची पूर्ण उंची सुमारे ७८९ मिलिमीटर. हौसेने ८३० मिलिमीटरचे जाड टायर घातले तर चाक एका फेऱ्यात पाच टक्के जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. जाड टायरचा विरोध वाढून ॲव्हरेज खरोखर घटतं आणि वर मीटर किलोमीटर कमी दाखवून ते आणखी घटल्याचं भासवतं. दोन्ही वेगळं काढायला हवं.

त्याने वही घेतली, मोबाइलवर लिहिणार नाही असंही ठरवलं. मग पावसाळ्यात त्र्यंबककडच्या कच्च्या वाटांवर फोर-एल लावून गेलं तर किती जाईल, असा पुढचा प्रश्न आला. फोर-एलमध्ये गिअरचं प्रमाण सुमारे अडीच पट खाली येतं. इंजिन चांगलं फिरत असतं आणि गाडी माणसाच्या चालीने सरकते. तिथे किलोमीटरचा भागाकार करून काही हाती लागत नाही. निफाडकडचा कुठलाही ट्रॅक्टरवाला नांगरटीचं डिझेल "तासाला किती लीटर" असंच सांगतो. मी त्याला वहीत चिखलासाठी एक वेगळा रकाना आखायला सांगितला, वर लिहिलं: तास.