प्रतिकृती आणि पुरावा : आरंभकालीन लाकडी विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींसंबंधी काही विचार

१

इंग्रजीतील 'मॉडेल' या एका शब्दासाठी मराठीत 'नमुना', 'प्रतिकृती' आणि 'प्रतिमान' असे तीन शब्द रूढ आहेत. परंतु त्यांचे अर्थ एक नाहीत. नमुना हा पुढे घडवावयाच्या वस्तूचा असतो. प्रतिमान हे वस्तूचे नसून तिच्याविषयीच्या उपपत्तीचे असते. प्रतिकृती मात्र पूर्वी होऊन गेलेल्या अथवा आज अस्तित्वात असलेल्या वस्तूचीच असू शकते. म्हणजेच 'प्रतिकृती' या शब्दात 'मूळ वस्तू अशी होती' हे विधान गृहीत असते. हे विधान लाकडात केलेले असल्यामुळे ते विधान आहे याचा प्रेक्षकास विसर पडतो. लेखात 'बहुधा', 'असावे', 'म्हणतात' असे शब्द घालता येतात. लाकडाला ती सोय नाही. पंखाची लांबी ठाऊक असो वा नसो, पंख कोठेतरी कापावाच लागतो. आरंभीच्या लाकडी विमानांच्या प्रतिकृतींचा येथे केलेला विचार प्रामुख्याने या अडचणीच्या अनुषंगाने आहे.

२

प्रथम, जेथे माप उपलब्ध आहे असे उदाहरण घेणे सोयीचे होईल. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी उडविलेल्या विमानाचा पंखविस्तार ४० फूट ४ इंच, म्हणजे सुमारे १२.३ मीटर आहे. एकास सोळा या प्रमाणात तो सुमारे ७७ सेंटिमीटर होतो, आणि एकास बहात्तर या प्रमाणात अवघा १७ सेंटिमीटर.

प्रमाणाची निवड ही केवळ जागेच्या सोयीची बाब नव्हे. राइट यांच्या विमानात चालक मध्यरेषेच्या डावीकडे पालथा पडून राही आणि इंजिन उजवीकडे बसविलेले होते. इंजिनाचे वजन चालकापेक्षा अधिक असल्यामुळे तोल राखण्यासाठी उजवा पंख डाव्यापेक्षा सुमारे चार इंचांनी लांब ठेवलेला होता. एकास सोळा प्रमाणात हा फरक सुमारे सहा मिलिमीटरांचा होतो आणि तो डोळ्यांना दिसतो. एकास बहात्तर प्रमाणात तो दीड मिलिमीटरहूनही कमी भरतो. करवतीच्या एका चुकीत तो नाहीसा होतो. म्हणजे त्या विमानाच्या रचनेमागील एक महत्त्वाचा विचार मोठी प्रतिकृती सांगू शकते, लहान प्रतिकृतीत तो जवळजवळ लुप्त होतो.

वजनाचा हिशेब आणखी निराळा आहे. लांबी सोळा पटींनी घटली, तर आकारमान सोळाच्या घनाने, म्हणजे ४०९६ पटींनी घटते. मूळ विमानाचे चालकाशिवाय वजन सुमारे २७४ किलोग्रॅम होते. त्या हिशेबाने प्रतिकृतीचे वजन ६७ ग्रॅमच्या आसपास असावयास हवे. पंखांवरील कापडाचीही अशीच गोष्ट. मूळ पंख मलमलीने मढविलेले होते. परंतु तीच मलमल प्रतिकृतीवर चढविली तर तिचे सूत सोळा पटींनी जाड, गोणपाटासारखे भासते. म्हणून तेथे पातळ कागद वापरावा लागतो. द्रव्य तेच ठेवले म्हणून दर्शन तेच राहते, असे नाही. दर्शन खरे ठेवावयाचे तर कित्येकदा द्रव्य बदलावे लागते.

३

लाकडाच्या निवडीचाही विचार याच रीतीने करावा लागतो. राइट बंधूंनी लांब व सरळ भागांसाठी स्प्रूस आणि वाकविलेल्या भागांसाठी अ‍ॅश हे लाकूड वापरले. ब्लेरिओ याने २५ जुलै १९०९ रोजी ज्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्याचा सांगाडाही मुख्यतः अ‍ॅशचा होता, आणि त्याचा मागील भाग कापडाने झाकलेला नसल्यामुळे तेथील प्रत्येक काडी व प्रत्येक तार उघडी दिसते. अशा विमानाच्या प्रतिकृतीत सुताराला काहीही लपविता येत नाही.

एका यंत्रात निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे लाकूड योजावयाचे, हे तत्त्व परभणी जिल्ह्यातील सुतारास नवीन नाही. बैलगाडीच्या चाकासाठी बाभळीचे चिवट लाकूड आणि दारे-चौकटींसाठी साग, ही निवड मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली आहे. प्रतिकृतीसाठी मात्र साग फारसा उपयोगी नाही. त्याच्या रेषा ठळक असल्यामुळे त्याचा चार मिलिमीटरांचा तुकडा मोठ्या वाशासारखा न दिसता लहान तुकड्यासारखाच दिसतो. तेथे बारीक रेषांचे लाकूड हवे. वाकड्या भागांसाठी बांबूची कामटी विस्तवावर शेकून वाकविण्याची बुरुडांची रीत चांगली उपयोगी पडते. शब्दांचीही उणीव भासू नये. पंखातील लांब आधारासाठी 'तुळई', तिच्यावर आडव्या बसणाऱ्या वक्र पट्ट्यांसाठी 'फासळी' आणि सांगाडा ताठ ठेवणाऱ्या तारांसाठी 'ताणतारा' हे शब्द कोणत्याही सुतारास समजावून सांगावे लागत नाहीत.

४

प्रतिकृतीभोवती जमीन, माणसे व प्रसंग उभा केला म्हणजे तिला दृश्यमांडणीचे रूप येते. पाश्चात्त्य देशांत यासाठी रूढ असलेला 'डायोरामा' हा शब्द १८२२ मध्ये दागेर याने पॅरिसमध्ये सुरू केलेल्या चित्रदर्शनासाठी प्रथम वापरला गेला आणि पुढे तो अशा त्रिमित मांडणीस लागू झाला. मांडणीत वस्तूबरोबर क्षणही निवडावा लागतो. राइट यांचे विमान आज वॉशिंग्टन येथील संग्रहालयात आहे. परंतु ते १७ डिसेंबर १९०३ च्या सकाळचे विमान जसेच्या तसे नव्हे. त्याच दिवशी चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याने ते उलटेपालटे होऊन मोडले. १९१३ मध्ये डेटन येथील पुरात त्याची खोकी भिजली. १९१६ मध्ये ते दुरुस्त करून पुन्हा जोडले गेले. आणि १९२७ मध्ये त्यावर नवे कापड चढविण्यात आले. म्हणून पहिल्या उड्डाणाची मांडणी करणाऱ्यास संग्रहालयातील मापांबरोबर त्या सकाळी घेतलेल्या छायाचित्राचाही आधार घ्यावा लागतो. साठ फूट लांबीची रूळपट्टी, नुकतेच तिच्यावरून सुटलेले विमान आणि उजव्या पंखापाशी उभा असलेला विल्बर, एवढे त्या छायाचित्रात स्पष्ट दिसते. रंग मात्र त्यात नाही. कापडाची किंवा वाळूची छटा ठरविताना कारागीर पुराव्याच्या क्षेत्रातून अनुमानाच्या क्षेत्रात प्रवेश करतो.

५

ही सीमा न दाखविल्याने काय होते, याचे उदाहरण विमानविद्येच्या इतिहासातच आहे. लँग्ली या शास्त्रज्ञाचे माणूस वाहून नेणारे विमान १९०३ च्या ऑक्टोबर व डिसेंबर महिन्यांत दोनदा नदीत कोसळले. १९१४ मध्ये कर्टिस याने त्यात अनेक फेरफार करून ते पाण्यावरून अल्पकाळ उडविले. त्यानंतर स्मिथ्सोनियन संस्थेने ते पुन्हा मूळ रूपात आणून, मनुष्यासह उड्डाण करण्यास समर्थ असे जगातील पहिले विमान, या आशयाच्या पाटीसह प्रदर्शनात मांडले. उड्डाण बदललेल्या यंत्राचे होते आणि श्रेय न बदललेल्या यंत्रास दिले गेले. याच्या निषेधार्थ ऑर्व्हिल राइट यांनी आपले विमान १९२८ मध्ये लंडनला धाडले. संस्थेने १९४२ मध्ये आपले म्हणणे मागे घेतले आणि विमान १९४८ मध्ये स्वदेशी परतले. येथे वाद लाकडाचा नव्हता. लाकडाखालील पाटीचा होता.

६

मराठी वाचकास या संदर्भात मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांच्या 'मरुत्सखा'ची आठवण होणे साहजिक आहे. १८९५ मध्ये तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर एक मानवरहित विमान उडविले व ते सुमारे १५०० फूट उंच गेले, असे अनेक लेखांत सांगितले जाते. परंतु प्रतिकृतीकाराच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. पंखविस्तार किती, तुळया किती, सांधे कसे, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर देणारा त्या काळचा मोजमापयुक्त आराखडा अथवा छायाचित्र पुढे आलेले नाही. ही रिकामी जागा कित्येकदा 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील आकृत्यांच्या आधाराने भरली जाते. त्या आकृत्या १९२३ च्या सुमारास बंगळूर येथे काढलेल्या आहेत. भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये केलेल्या चिकित्सेत हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नसल्याचे व त्यातील विमाने उडू शकणारी नसल्याचे दाखवून दिले. तेव्हा त्या आकृत्यांवरून १८९५ चे विमान घडविणे हा कालविपर्यास होय. तळपदे यांच्या खटाटोपाविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, 'मरुत्सखा'ची प्रतिकृती आज होऊ शकत नाही. होऊ शकते ती कल्पनाकृती.

७

मग कल्पनाकृती करूच नये काय? ऐतिहासिक भाषाशास्त्राने या प्रश्नाचे एक समंजस उत्तर फार पूर्वी शोधलेले आहे. संस्कृत 'अश्व' व लॅटिन 'एक्वुस' यांच्या तुलनेने मूळ भाषेतील रूप सिद्ध केले जाते. पण ते '*एक्वोस' असे तारा लावूनच लिहिले जाते. हा तारा म्हणजे हे रूप लिखित पुराव्यात आढळलेले नसून अनुमानाने उभे केलेले आहे, याची कबुली होय. हा संकेत रूढ करण्यात ज्याचा मोठा वाटा, त्या श्लायशरने १८६८ मध्ये पुनर्रचित भाषेत एक छोटी गोष्टच लिहिली. हिर्टने १९३९ मध्ये ती नव्या मतांनुसार बदलून लिहिली आणि लेमान व झ्गुस्टा यांनी १९७९ मध्ये पुन्हा बदलली. गोष्ट एकच, पण रूपे तीन. तारा असल्यामुळे या बदलांनी कोणाची फसवणूक झाली नाही. उलट अभ्यास कसकसा पुढे गेला हे दिसून आले.

प्रतिकृतींनाही हा तारा लावता येईल. मोजलेले भाग, छायाचित्रावरून काढलेले भाग आणि अनुमानाने घडविलेले भाग असे तीन वर्ग पाटीवर नोंदवावेत. अनुमानाचे भाग रंग न देता कोऱ्या लाकडाचे ठेवावेत, म्हणजे पाटी न वाचणाऱ्यासही भेद दिसेल. परभणी जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात भारतीय विमानोड्डाणाची मांडणी करावयाची झाल्यास १८ फेब्रुवारी १९११ चा प्रसंग आरंभासाठी अधिक योग्य ठरेल. त्या दिवशी आंरी पेके हा फ्रेंच वैमानिक सुमारे सहा हजार पत्रे घेऊन अलाहाबादहून (आताचे प्रयागराज) यमुनेपलीकडील नैनीपर्यंत उडाला, आणि त्या पत्रांवरील विमानाचे चित्र असलेला टपालशिक्का आजही पाहावयास मिळतो. अशा मांडणीत तारे थोडे लागतील. 'मरुत्सखा' घडवावयाचा झाल्यास चौपाटीची वाळू व समुद्र रंगवावेत, आणि विमान मात्र संपूर्ण कोऱ्या लाकडाचे ठेवून त्याच्या नावाआधी तारा लावावा.