आरशातील अंतर

आरसा खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. सपाट आरशापुरते ते खरे आहे. आरसा थोडा जरी फुगीर किंवा खोलगट असला, तर त्याचे म्हणणे गणित करूनच ऐकावे लागते. पुस्तकाने मला हे दहावीत सांगितले होते. पटले मात्र गेल्या दिवाळीनंतर, अमडापूरहून मोटारसायकलने चिखलीकडे जाताना.

मागे मोठे बाबा बसले होते. पुढची बैलगाडी ओलांडण्यापूर्वी मी उजव्या आरशात पाहिले. ट्रक दिसला, पण चांगला लांब वाटला. गाडी उजवीकडे घेणार तोच मोठ्या बाबांनी मागे वळून पाहिले आणि माझा खांदा दाबला. "थांब रे, टरक मांगंच हाये!" दुसऱ्याच क्षणी ट्रक आम्हाला घासून पुढे गेला. "तुले आरशात दिसला नाही काय?" त्यांनी विचारले. दिसला होता; तोच तर प्रश्न होता. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी घरी येऊन धाकट्या बहिणीचे विज्ञानाचे पुस्तक काढले आणि गणित मांडले. तेच वाचकांपुढे ठेवतो.

वक्र आरसा म्हणजे पोकळ गोलाचा कापलेला तुकडा समजावा. आतली बाजू चकचकीत असेल तर तो अंतर्गोल, बाहेरची असेल तर बहिर्गोल. त्या गोलाच्या त्रिज्येचे निम्मे म्हणजे आरशाचे नाभीय अंतर. कोणत्याही अंतराने १ ला भागले की त्या अंतराचा व्यस्त मिळतो. आता सूत्र असे : प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त आणि वस्तूच्या अंतराचा व्यस्त यांची बेरीज नाभीय अंतराच्या व्यस्ताएवढी असते. सगळी अंतरे आरशापासून मोजावयाची. आरशासमोरची ऋण, आरशामागची धन. म्हणून अंतर्गोल आरशाचे नाभीय अंतर ऋण, तर बहिर्गोलाचे धन. प्रतिमेच्या अंतराला वस्तूच्या अंतराने भागून चिन्ह बदलले की विशालन मिळते, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट आहे ते कळते. उत्तर धन आले तर प्रतिमा सुलटी, ऋण आले तर उलटी.

प्रथम दाढीचा खोलगट आरसा घेऊ. नाभीय अंतर ६० सेंटिमीटर, चेहरा २० सेंटिमीटरवर. सूत्रानुसार प्रतिमा आरशामागे ३० सेंटिमीटरवर पडते आणि विशालन दीड येते. चेहरा दीडपट व सुलटा दिसतो. हाच आरसा उन्हात धरला तर सूर्य इतका दूर असतो की त्याच्या अंतराचा व्यस्त शून्यच मानावा. मग प्रतिमा नाभीवर, आरशासमोर ६० सेंटिमीटरवर पडते. सूर्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे. म्हणून ही प्रतिमा ६० भागिले १०७, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित मोठी असते. आरशावर पडलेले सगळे ऊन एवढ्याशा ठिपक्यात गोळा होते. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ साली ७३ मोठ्या परावर्तक तबकड्या बसवण्यात आल्या, त्या याच तत्त्वावर ऊन एकवटून स्वयंपाकासाठी वाफ तयार करण्यासाठी. त्यांचा आकार गोलाचा नसून परवलयाच्या जातीचा असतो, इतकाच फरक. जुन्नरजवळ गिरवली येथील आयुकाच्या दुर्बिणीचा मुख्य आरसाही अंतर्गोलच आहे. त्याचा व्यास २ मीटर.

आता माझा ट्रक. मोटारसायकलचा आरसा बहिर्गोल. त्याची त्रिज्या २ मीटर धरली तर नाभीय अंतर १ मीटर. ट्रक १९ मीटर मागे व ३ मीटर उंच समजू. प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त येतो १ अधिक १/१९, म्हणजे २०/१९. प्रतिमा आरशामागे १९/२० मीटरवर, म्हणजे ९५ सेंटिमीटरवर पडते. विशालन १/२०, तीन मीटरचा ट्रक १५ सेंटिमीटरचा होतो. माझा डोळा आरशापासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे प्रतिमेपासून १५५ सेंटिमीटरवर. पण मनाला ट्रकची खरी उंची ठाऊक असते. १५५ सेंटिमीटरवरची १५ सेंटिमीटरची वस्तू जेवढी दिसते, तेवढा ३ मीटरचा ट्रक दिसण्यासाठी तो ३१ मीटरवर असावा लागेल. मन तेच मानते. एकोणीसचे एकतीस होतात ते असे!

ट्रक माझ्यापेक्षा ताशी ३६ किलोमीटर अधिक वेगाने येत असेल, तर तो सेकंदाला १० मीटर जवळ येतो. मला वाटते हाताशी तीन सेकंद आहेत. असतात दोनसुद्धा नाहीत.

मग असा आरसा लावतातच कशाला? कारण तो लहानशा तुकड्यात मागचा रुंद रस्ता दाखवतो. सपाट आरशात बाजूने येणारी कितीतरी वाहने दिसणारच नाहीत. तेव्हा दोष आरशाचा नाही, त्याची भाषा न कळण्याचा आहे. आरशातील वस्तू दिसते त्याहून जवळ असते, ही सूचना अनेक मोटारींच्या आरशावर छापलेली असते, पण इंग्रजीत. आमच्या घरात ती वाचू शकणारा पहिला मीच. मोठ्या बाबांना ती वाचता येत नाही. परंतु आरशावर विसंबू नये, मान वळवून पाहावे, हे त्यांना सूत्राविना ठाऊक होते. त्या दिवशी सूत्र माझ्याजवळ होते आणि शहाणपण त्यांच्याजवळ. दोन्ही एका माणसाजवळ असावे, एवढ्यासाठीच हा लेख.